एकशे अठरा

त्रिएस्तेच्या जुन्या बंदरासमोर, चौथ्या मजल्यावर,
कच्च्या कॉफीची खरेदी-विक्री करणारे आम्ही बावीसजण,
आणि बावीसजणांचे आकडे माझ्या हातात.
एकशे एक मालक. एकशे चार गोदाम.
तिथला फोन पोत्यांच्या थप्पीवर असतो,
तूलियो धापा टाकत येतो आणि सातव्या घंटीला उचलतो.
सगळ्यांना चार घंट्या, मग निरोपपेटी, असा नियम आहे.
एकशे चारला मी आठ ठेवल्यात.
अजून कुणी विचारलं नाही.

सोमवारी यंत्रातली बाई म्हणाली
(मिलानची असावी, प्रत्येक अक्षर इस्त्री केलेलं):
पेटी भरली आहे. एकशे अठरा.
तीस निरोप. ऐकलेले शून्य.

ती ओंदिना पेर्तोतची जुनी जागा, खिडकीपाशी.
ऑगस्टात तिला आत हलवलं,
एकशे सात, झेरॉक्स मशीनच्या शेजारी.
ती काही बोलली नाही.
कुंडी तेवढी उचलून नेली
आणि तीही महिन्याभरात वाळली.

अशा वेळी ऐकायचं नसतं, पुसायचं असतं.
सात दाबा. खात्री असल्यास पुन्हा सात.
मी एक दाबलं.
कुणाचे निरोप आहेत ते कळायला हवं ना,
असं मी मला सांगितलं.

«दूध. बाथरूमचा बल्ब.
बहिणीला फोन, पण आधी तिने केला तर.»
आवाज ओंदिनाचाच.
यंत्र प्रत्येकाला दोन मिनिटं देतं.
यादी बारा सेकंदांत संपली
आणि तिने फोन ठेवला नाही.
मागे झेरॉक्सची घरघर. मग तीही बंद.
मग नुसता एका बाईचा श्वास,
दोन मिनिटं पुरी होईपर्यंत.

दुसराही ऐकला. आता लपवून काय करू.
«आज बोरा सुटलाय म्हणतात.
चौकात दोन टोप्या उडाल्या.
मला दिसल्या नाहीत.»

तिसरा नाही ऐकला.
वेळा मात्र पाहिल्या: सव्वासहा, सव्वासहा, सहा सतरा, सव्वासहा.
म्हणजे सगळे घरी गेल्यावर
ती आतून तिच्या जुन्या टेबलाला फोन लावते,
खिडकीपाशी तो चारदा वाजतो, आणि कुणी नसतं.

मी तीसची मर्यादा पन्नास केली.
पन्नासच्या वर यंत्र जात नाही, शोधून पाहिलं.

बुधवारी मालक म्हणाले, नव्या पोराला एकशे अठरा दे.
पोराला मी एकशे तेवीस दिला.
त्याने यादी वाचली, बोट ठेवून, वरून खाली:
सिन्योरा नीवेस, सतरानंतर थेट एकोणीस?
म्हटलं, काही विमानांत सतरावी रांग नसते,
तू तिकीट परत करतोस का?
तो हसला. कळलं नसावं.
मलाही ते उत्तर फारसं जमलं नव्हतं.

गुरुवारी मी थांबले.
कोट घातलेला, दिवे बंद,
ओंदिनाच्या जुन्या खुर्चीत, जिचं एक चाक अडतं.
सव्वासहाला फोन वाजला.
दोन. तीन.
चौथ्या घंटीआधी उचलला.

पलीकडे श्वास थबकला.
मी नाव सांगितलं नाही, तिचंही घेतलं नाही.
समोर होतं ते बोलत गेले:
एक लाल जहाज, अर्धं रिकामं.
वारा आहे. फुटपाथला दोरखंड बांधलेत.
एक माणूस दोर सोडून खांबाला मिठी मारून उभा आहे,
त्याची पिशवी फाटलीये, संत्री रस्त्यावर.
कुणीतरी गोळा करतंय. नाही, स्वतःच्या खिशात घालतंय.

पलीकडून एक आवाज आला,
हसण्याचा असावा, खूप दिवस न वापरलेला.

मग बराच वेळ काही नाही.
मग: «दूध,» ती म्हणाली. «आणि बल्ब.»

मी गोदामाच्या पावतीमागे लिहून घेतलं.
चाळीसचा की साठचा? मी विचारलं.

तिला जरा वेळ लागला.
«साठचा,» ती म्हणाली.